वाट आहे, दवंडी नाही



ओढ्यावर नवा पूल झाला, पण कोतवालाने दवंडीच दिली नाही, तर पलीकडच्या वाडीची माणसे जुन्या लांबच्या वाटेनेच जात राहतील. पुलात खोट नाही; खबर पोचली नाही, इतकेच. संगणकांच्या जाळ्यातही नेमके असेच घडते. मी काही त्या विद्येतला कारागीर नव्हे, गणिताचा मास्तर. पण एका पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात जे झाले, त्यामुळे मला त्यात डोके घालावे लागले.

आमची नवी इमारत जुन्या इमारतीपासून चार किलोमीटरांवर आहे. दोन्हीकडे एकेक राऊटर, म्हणजे निरोप कुठल्या वाटेने धाडायचा हे ठरवणारे यंत्र. मध्ये काचतंतूची तार. बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ता जुन्या इमारतीतून. वीज पडून नव्या इमारतीतला राऊटर जळाला, दुसरा बसवला, आणि संगणक बंद! त्यात परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. प्रयोगशाळेत चाळीसेक मुली खोळंबलेल्या.

तंत्रज्ञ आले. तार बदलली, पुन्हा बदलली. दिवे लुकलुकत होते. त्यांनी पलीकडच्या राऊटरला हाक दिली, म्हणजे ते ज्याला 'पिंग' म्हणतात ते केले, आणि उत्तरही आले. "लाइन ओके आहे, सर," असे म्हणून ते चहाला गेले! इथेच माणूस फसतो. लगतच्या शेजाऱ्याला हाक मारायला दवंडी लागतच नाही; तो समोरच उभा असतो. दवंडी लागते ती त्याच्या पलीकडच्या गावांसाठी.

ही दवंडी देण्याची एक रूढ पद्धत आहे, तिला ओएसपीएफ म्हणतात. तिची आजची आवृत्ती १९९८ साली प्रमाण म्हणून नोंदली गेली. तीत प्रत्येक राऊटर आपल्या दाराशी कोणकोणत्या वाटा आहेत ते सांगतो, शेजारी ते शब्द न बदलता पुढे देतो, आणि अखेर सर्वांजवळ एकच नकाशा तयार होतो. मग ज्याने त्याने आपापली जवळची वाट हिशेबाने काढायची. हा हिशेब डच गणिती डाइक्स्ट्रा यांचा. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये भावी पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर, कॉफी पीत बसले असता, कागद-पेन्सिलीवाचून वीस मिनिटांत त्यांना तो सुचला. छापून आला तो १९५९ साली. आम्ही वर्गात एक गणित फळ्यावर सोडवायला तास घेतो, ते जाऊ द्या.

पण नकाशा जुळण्याआधी शेजार जुळावा लागतो. राऊटर सहसा दर दहा सेकंदांनी 'मी आहे' असे सांगतो. चाळीस सेकंद आवाज आला नाही, तर शेजारी गेला असे धरतात. दोघांचे हे आकडे निराळे असले, किंवा विभागाचा क्रमांक निराळा असला, तर शेजार जुळतच नाही. आमच्याकडे हे आकडे सारखे होते. तंत्रज्ञांनी चहानंतर शेजाऱ्यांची यादी काढली, तेव्हा नाव दिसत होते. पण ओळख अर्ध्यावर अडकलेली. कारण क्षुल्लक. एका खेपेत किती मोठे पुडके घेता येईल, याचे माप नव्या राऊटरवर ९००० बाइट, जुन्यावर १५००. नकाशाची देवाणघेवाण सुरू होताना हे माप सांगितले जाते. समोरच्याचे माप आपल्यापेक्षा मोठे दिसले, की लहान मापाचा राऊटर ते पुडके नाकारतो. तक्रार नाही, भांडण नाही, नुसते नाकारतो. 'मी आहे' चालू, नकाशा मात्र बंद!

माप १५०० केले. कार्यालयातले संगणक लागले, आणि आम्ही हुश्श केले. प्रयोगशाळेतले मात्र तसेच! आता काय? नव्या राऊटरला आपल्या दाराशी असलेल्या ज्या वाटांची दवंडी द्यायला सांगितले होते, त्या यादीत प्रयोगशाळेची वाट घालायची राहून गेली होती. मुलींचा निरोप बाहेर जात होता. पण उत्तर परत आणताना जुन्या इमारतीतल्या राऊटरला प्रयोगशाळा कुठे आहे हेच ठाऊक नव्हते. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेत असे झाले, तर तारेला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारा : शेजारी यादीत आहे का? ओळख पुरी झाली आहे का? आणि आपली वाट पलीकडच्या राऊटरच्या यादीत दिसते का? हा तिसरा प्रश्न पलीकडे जाऊनच पाहावा लागतो, आणि नेमका तोच कंटाळ्याने टाळला जातो.

ओळ घालायला एक मिनिट लागले. तोवर साडेचार वाजले होते. बऱ्याच मुली दुपारच्या एसटीने जुन्या इमारतीत पोचून अर्ज भरून आल्या. उरलेल्यांनी तिथेच भरले. दोघी मात्र कंटाळून घरी गेल्या होत्या. त्यांना पुढे विलंबशुल्क पडले, ते आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून भरले. राऊटरच्या कपाटाच्या दारावर आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर दहा, चाळीस, पंधराशे हे आकडे, आणि त्यांच्याखाली शाईने, 'प्रयोगशाळा'.