पुराच्या पाण्यातला चोर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी जंतूंविषयी बोलणार आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. पण उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांना हा विषय घरचाच आहे.

२६ जुलै २००५ चा पूर पुष्कळजणींनी पाहिला आहे. त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेही आपण विसरलेलो नाही.

असेच एकदा आमचे भावजी पाणी तुडवीत घरी आले. आठवड्याने ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. रक्त तपासले तो प्लेटलेट्स ४०,०००! निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. आम्ही घरीच ठरवून टाकले की हा डेंग्यूच, आणि पपईच्या पानांचा रस सुरू केला. तीन दिवसांनी डोळे पिवळे झाले. तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "पाण्यातून चालला होतात का?" तो लेप्टो निघाला. भावजी वाचले, पण ते तीन दिवस आम्हीच वाया घालवले.

उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतो. आपल्या रक्तातील काही प्रथिने जंतूवर खूण करतात आणि ती खूण पाहून पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. ही खूण आपल्याच पेशींवर बसू नये म्हणून 'फॅक्टर एच' नावाचा पहारेकरी असतो. हा जंतू आपल्या अंगावरील प्रथिनांनी तो पहारेकरीच स्वतःला चिकटवून घेतो! चोराने घरधन्याचा अंगरखा घालावा, तसे हे झाले.

त्याचे 'लिगबी' नावाचे प्रथिन आणखी एक खोडी करते. जखम झाली की प्लेटलेट्स फायब्रिनोजेनच्या आधाराने एकमेकींना धरतात. गजरा ओवताना दोराच कोणी धरून ठेवला तर फुले सुटीच राहतील ना? 'लिगबी' फायब्रिनोजेनला असेच धरते आणि प्लेटलेट्सची एकजूट अडते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. म्हणजे प्लेटलेट्सची संख्या घटते ती वेगळीच, आणि उरलेल्यांच्या कामातही अडथळा येतो.

तेव्हा भगिनींनो, नुसत्या आकड्यावरून रोग ठरवू नका. लेप्टोवर पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे आहेत; ती लवकर मिळाली पाहिजेत. तापात ॲस्पिरिन मनाने देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. उतरावेच लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवा आणि प्रतिबंधक गोळीविषयी डॉक्टरांना विचारा. आणि ताप आला, तर त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगा, "पाण्यातून चालले होते."

एवढे एक वाक्य घरोघरी पोचले, तरी आजचे माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.