पाऊस मोजणाऱ्या यंत्राची ओळख

धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे प्रथम अवर्षण उभे राहते. त्याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात परांडा व भूम या तालुक्यांतील नद्यांनी पात्रे सोडली, उभी पिके पाण्याखाली गेली आणि पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. असे पाणी ओसरल्यावर शेतकऱ्याच्या दृष्टीने एक प्रश्न फार मोलाचा होऊन बसतो. पाऊस नेमका किती पडला? महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे सरकारी परिभाषेत ती अतिवृष्टी होय. ६४ आणि ६६ या दोन आकड्यांतील अंतर कागदावर क्षुल्लक दिसते; परंतु मदतीचा विचार होतो तेव्हा त्या अंतराला मोठे वजन येते.

हा आकडा हल्ली बहुधा कोणी माणूस लिहून पाठवीत नाही. राज्याच्या कृषी विभागाच्या महावेध प्रकल्पान्वये २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. असे केंद्र पाऊस, उष्णता, आर्द्रता आणि वारा यांची नोंद आपणच करते आणि दूरच्या संगणकाकडे धाडते. रात्री दोन वाजता, विजा कडाडत असताना, तेथे कोणी बसलेले नसते.

येथेच खरी अडचण उद्भवते. बँकेच्या संकेतस्थळावर जाणारा मनुष्य आपला पासवर्ड टंकित करतो, मोबाइलवर आलेला आकडा सांगतो आणि आत प्रवेश मिळवितो. निर्जन माळावरील यंत्राने हे कसे करावे? आणि आलेला आकडा त्याच केंद्राचा आहे, अन्य कोणी खोडसाळपणे धाडलेला नाही, हे त्या दूरच्या संगणकाने कसे ओळखावे?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे यंत्राच्या प्रोग्राममध्येच एक पासवर्ड लिहून ठेवणे. पण तो सर्वांत वाईटही आहे. शेकडो केंद्रांना एकच पासवर्ड दिला आणि एका केंद्राची पेटी चोरीस गेली, तर सर्वच केंद्रांची विश्वासार्हता तिच्याबरोबर जाते.

याहून उत्तम मार्गाचे बीज व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विचारात आहे. प्रत्येक यंत्राला किल्ल्यांची एक जोडी द्यावयाची. गुप्त किल्ली यंत्राच्या पोटातच राहते. तिची जोडीदार उघड किल्ली मुख्य संगणकाकडे नोंदविली जाते. यंत्र एक लहानसा मजकूर तयार करते: आपण कोण, मजकूर कोणासाठी, आणि तो किती वेळ ग्राह्य धरावा. त्यावर ते गुप्त किल्लीने स्वाक्षरी करते. उघड किल्लीने ती स्वाक्षरी पडताळता येते, परंतु बनविता येत नाही. जुन्या मराठी पत्रांवरील मुद्रा ज्याने पाहिली आहे, त्याला हे नवे वाटू नये. मुद्रेचा ठसा सर्वांनी पाहावा, शिक्का मात्र धन्यापाशीच असावा.

स्वाक्षरी पटली म्हणजे मुख्य संगणक यंत्राला एक अल्पायुषी परवाना देतो. त्याला टोकन म्हणतात. पुढील प्रत्येक नोंदीसोबत यंत्र तो दाखविते आणि मुदत संपताच नवा मागून घेते. मनुष्य उपस्थित नसता परवाना देण्याची ही रीत २०१२ च्या ओऑथ २.० या नियमसंग्रहात आली, आणि स्वाक्षरीच्या मार्गाला २०१५ च्या पुरवणी नियमाने निश्चित रूप दिले. परवान्याची व्याप्तीही आवश्यक तेवढीच ठेवावयाची असते: केंद्राने आपली नोंद द्यावी, दुसऱ्याची बदलण्याचा अधिकार त्याला नसावा. एखादी पेटी हरवली, तर तेवढीच एक उघड किल्ली रद्द करावी. बाकीची केंद्रे निर्वेधपणे चालतात. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. यंत्राचे घड्याळ चुकले, तर खरी स्वाक्षरीही मुदतबाह्य ठरून नाकारली जाते.

इतके झाले तरी एक मर्यादा उरतेच. स्वाक्षरी फार तर आकडा कोणी पाठविला एवढेच सिद्ध करते; तो बरोबर आहे, हे नव्हे. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर अत्यंत प्रामाणिक यंत्र अत्यंत रीतसर स्वाक्षरी करून चुकीचाच पाऊस कळवील. तेव्हा किल्लीचे काम किल्लीने करावे आणि नरसाळे झाडण्याचे काम माणसाने. मात्र ही ओळख निरर्थक समजू नये. मंडळाचा आकडा आणि शिवारातील पाणी यांचा मेळ बसत नाही, अशी तक्रार शेतकरी घेऊन येतो, तेव्हा कोणत्या केंद्राने, कोणत्या क्षणी, काय कळविले हे निर्विवादपणे सांगता आले, तरच चौकशीला आरंभ करता येतो. साक्षीदार कोण हेच ठाऊक नसेल, तर त्याची उलटतपासणी कोणी आणि कशी करावी?