उपवास आणि वजनाचा काटा



सोळा तास उपाशी राहून आठ तासांत जेवणे उरकण्याची पद्धत आपल्यापैकी पुष्कळजणींनी सुरू केली आहे. रस्त्यात गाठून मला विचारतात, "पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, आता उलट अर्धा किलो वाढले. हे कसे?" एक ताई तर धसक्याने उरलेले जेवणही सोडून बसल्या आणि ओट्यापाशी चक्कर येऊन पडल्या. म्हणून आज बोलते.

आपले यकृत व स्नायू मिळून सुमारे ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवतात. तिच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. उपवासात ही शिल्लक खर्च होते, पाणी निघून जाते. पहिले उतरलेले वजन बहुतांशी हेच. मग लग्नघरी जेवलात, वर लोणचे-पापड झाले, की पाणी परत येते. पाळीच्या आधीही येते. किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा ७,००० हून अधिक उष्मांक जास्त खावे लागतात. एका पंगतीत तेवढे कोण जेवते!

२०२० साली अमेरिकेतील ११६ जणांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांत सोळा तासवाल्यांचे वजन सरासरी किलोभरसुद्धा घटले नव्हते. तीन वेळा जेवणाऱ्यांहून विशेष फरक नाही. तेव्हा शेजारणीशी पैजा नकोत. (आणि साबूदाण्याची खिचडी खाऊन तो उपवास यात मोजू नये!)

आठवड्यातून एकदाच, सकाळी, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. दोन महिन्यांचे आकडे मिळून काय ते सांगतील. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन चालू असेल तिने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून आरंभ करू नये. रक्तातील साखर एकदम उतरू शकते.