मेंदूतले पहारेकरी आणि घरातली वंशावळ



साहित्याच्या व्यासपीठावरून मेंदूतल्या पेशींबद्दल बोलायचे, तर सुरुवात शब्दांपासून केलेली बरी. आपल्या घरांत म्हातारे माणूस विसरू लागले की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपतो. तेच माणूस चाळिशीचे असेल आणि एकाएकी बेताल वागू लागले, तर ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणून त्याला गाणगापूरला नेतात. दत्तमहाराजांवरची श्रद्धा आपल्या जागी राहो; पण वाऱ्या करण्यात दोन-तीन वर्षे जातात आणि डॉक्टरकडे जायचे राहून जाते.

ती म्हण तर आकड्यांनीही खोटी ठरते. देशभरच्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठी ओलांडलेल्या शंभर भारतीयांत स्मृतिभ्रंश झालेले साधारण सात, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. साठी सगळ्यांचीच होते. मग हा आजार थोड्यांनाच का होतो? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातले संस्कृत पंडित हत्तीमागे निघून जातात आणि त्यांना लेकरासारखे जपते ती कन्नड बोलणारी चन्नम्मा. आपल्या भागात तो सिनेमा अधिक जवळचा वाटला, तो तिच्या बोलण्यामुळे. पण ‘का होतो’ याचे उत्तर देणे हे काही सिनेमाचे काम नव्हे.

१९०६ साली जर्मनीत डॉ. अल्झायमर यांनी पन्नाशीत आजारी पडलेल्या एका बाईच्या मेंदूचे निरीक्षण मांडले. चेतापेशींच्या बाहेर साठलेले किटण आणि आतले गुंतलेले धागे, ही त्यातली दोन चित्रे जगप्रसिद्ध झाली. तिसरी गोष्ट मागे पडली. चेतापेशींच्या शेजारच्या आधारपेशींत चरबीचे थेंब साठले आहेत, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. शंभर वर्षे सगळे किटणाकडे बघत राहिले आणि ते उचलणाऱ्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

हे उचलणारे म्हणजे मायक्रोग्लिया. स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिले. आपल्या किल्ल्याची उपमा घ्यायची तर असे म्हणता येईल, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तटाबाहेरची फौज. मेंदूच्या तटातून त्यांना सहसा आत सोडत नाहीत. मायक्रोग्लिया हे आतले पहारेकरी. गर्भ अगदी लहान असतानाच ते मेंदूत येऊन वस्ती करतात आणि जन्मभर तिथेच राहतात. पहाराही त्यांचा, झाडलोटही त्यांचीच.

पण पहारेकऱ्याला काय कचरा आणि काय घरातले सामान, हे कळते कसे? त्यासाठी पेशीच्या आवरणात आरपार रोवलेली प्रथिने असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात; मराठीत ‘ग्राही’ असा चांगला शब्द आहे. बाहेरच्या टोकाला ओळखीचा पदार्थ चिकटला की आत निरोप जातो. यांतला एक ग्राही आज माझा मुख्य विषय आहे : ट्रेम-२. मेलेल्या पेशींतून सुटलेली चरबी, अल्झायमरचे किटण, अशा गोष्टी तो ओळखतो. मात्र त्याचे आतले शेपूट इतके आखूड, की स्वतः निरोप देणे त्याला जमत नाही. डॅप-१२ नावाच्या जोडीदाराच्या तोंडून तो बोलतो. दोघांपैकी एक मुका झाला तरी निरोप पोहोचत नाही.

हे कळले ते एका विलक्षण आजारामुळे, आणि त्याच्यापाशी मी थोडा थांबणार आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये हाकोला आणि जपानमध्ये नासू यांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. विशीत-तिशीत घोटे आणि मनगटे दुखू लागतात. क्ष-किरण चित्रात हाडांत पोकळ्या दिसतात, किरकोळ ठेचेने हाड मोडते. पुढे तिशी-चाळिशीत स्वभाव पालटतो. शांत माणूस निर्लज्ज बोलू लागतो, व्यवहार कळेनासा होतो, मग स्मृती जाते, आणि बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या आसपास दगावतात. हाड आणि मेंदू यांचा संबंध काय? कित्येक वर्षे कोणाला उलगडेना. २००० साली काही कुटुंबांत डॅप-१२ चे जनुक बिघडलेले सापडले आणि २००२ मध्ये इतर कुटुंबांत ट्रेम-२ चे. जुने हाड पोखरून नव्याला जागा करणाऱ्या पेशी आणि मेंदूतले मायक्रोग्लिया, दोन्ही हीच जोडी वापरतात. चेतापेशींत मुळात काही दोष नसताना, केवळ पहारेकऱ्याचा ग्राही निकामी झाल्याने माणसाची बुद्धी जाते, हे इथे पहिल्यांदा इतके स्पष्ट दिसले.

हा आजार फार दुर्मीळ. पण २०१३ साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी, त्यांतला एक आइसलंडचा, हा धागा नेहमीच्या अल्झायमरपर्यंत आणला. ट्रेम-२ ही २३० दुव्यांची साखळी आहे. तिच्यातल्या ४७ व्या जागी एकच दुवा बदलला, तर म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका साधारण तिप्पट होतो. मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटणारा एका अक्षराचा दोष म्हणा ना! असा ग्राही असलेले मायक्रोग्लिया किटणाभोवती नीट कडे करत नाहीत. ते पसरत राहते आणि शेजारच्या चेतातंतूंना अधिक इजा होते.

याउलट सीडी-३३ नावाचा ग्राही म्हणजे लगाम. तो कमी बनवणारी माणसे अल्झायमरपासून थोडी सुरक्षित असतात. मग सोपे झाले, लगाम सैल करा आणि ट्रेम-२ ला टाच मारा, असे वाटेल. औषध कंपन्यांनाही तसेच वाटले. ट्रेम-२ ला चेतवणारे एक औषध सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर तपासले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला, उपयोग झाला नाही. मला यात फारसे आश्चर्य वाटले नाही. किटण साठायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरुवात होते. घर भरून गेल्यावर झाडू हातात दिला तर कितीसा उपयोग? शिवाय चेतवलेला पहारेकरी घरातलेही सामान फेकू लागतो. पूरक प्रथिनांची खूण दिसली की एका दुसऱ्या ग्राहीच्या मदतीने मायक्रोग्लिया चेतापेशींमधले चांगले जोडही खाऊन टाकतात, हे उंदरांत दिसले आहे. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांनी स्मृती सुधारेल, असे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता आपल्याकडे येऊ. फिनलंड आणि आइसलंड ही लहान राष्ट्रे या शोधांत पुढे का? तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. फिनलंडमध्ये त्या चर्चच्या दप्तरांत मिळतात. आपल्याच राज्यात बंगळुरूचे मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत पंचेचाळिशीपुढच्या लोकांची वर्षानुवर्षे तपासणी करत आहे. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची नोंद करणारा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पही याच केंद्राच्या पुढाकाराने झाला आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली.

पण काही नोंदी बंगळुरूला मिळायच्या नाहीत, त्या आपल्याच घरांत आहेत. नासू-हाकोला आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक यावे लागते. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक अपत्याला धोका चारांत एक. एरवी अशी दोन माणसे एकत्र येणे कठीण, पण नात्यातल्या लग्नात दोघांचे आजोबा-आजी एकच असतात. कर्नाटकात आजही चार लग्नांतले साधारण एक नात्यातले. आतेभाऊ-मामेबहीण आपल्यालाही नवीन नाही, आणि मामा-भाचीची लग्ने शेजारीपाजारी पाहिली आहेतच. अशा लग्नांनी हाच आजार होतो असे मी म्हणत नाही. मी एवढेच सांगतो : तरुण माणसाची हाडे विनाकारण मोडत असतील आणि त्याचा स्वभावही पालटत असेल, आणि घरात लग्ने नात्यातली असतील, तर हाडांच्या डॉक्टरला मेंदूची गोष्ट सांगा आणि मेंदूच्या डॉक्टरला हाडांची. एरवी दोघांच्या चिठ्ठ्या दोन वेगळ्या पिशव्यांत राहतात.

आणि जाताना घरातली वंशावळ बरोबर न्या. आपल्यातल्या कितीतरी देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरी ती सात-आठ पिढ्यांची, लाल फडक्यात बांधलेली आहे. फक्त ती उघडलीत की दिसेल, त्यात एकाही बाईचे नाव नाही. मामेबहीण सून होऊन आली तो धागाच कागदावर नाही, आणि डॉक्टरला हवा असतो नेमका तोच. घरात ऐंशीच्या पुढची एखादी आत्या किंवा काकू असेल तर तिच्याजवळ बसा. कोण कोणाची मुलगी, कुठल्या गावची, कोणाला काय झाले होते, हे तिला पाठ असते. ती नावे यंदाच्या दिवाळीपर्यंत त्या वंशावळीत पेन्सिलीने का होईना, लिहून घ्या.