पाणचक्कीचं पाणी आणि आजोबांचा पेसमेकर

छत्रपती संभाजीनगरातून बोलतोय. आजचा विषय करंटचा आहे, पण आपण तो पाण्यावरून समजून घेऊ. नळाला प्रेशर नसणं म्हणजे काय, हे आपल्या शहराला वेगळं सांगायला नको!

आपली पाणचक्की आठवा. लांबच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून यायचं, उंचावरून पडायचं आणि त्या जोरावर जातं फिरायचं. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट आणि नळातला अडथळा म्हणजे रेझिस्टन्स. व्होल्टेजला रेझिस्टन्सने भागलं की करंट मिळतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम, बस्स.

आता पेसमेकर. गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत एक छोटी डबी. तिच्यातून निघालेली तार, म्हणजे लीड, शिरेतून हृदयात जाते. ही डबी आधी ऐकते. हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर गप्प बसते. नाही आला, तरच टिचकी मारते.

टिचकी केवढी? समजा 2.5 व्होल्ट आणि 500 ओहम. म्हणजे करंट झाला 5 मिलिअँपिअर, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ. हृदयाचे स्नायू एकमेकांना निरोप देतात, त्यामुळे एवढं पुरतं.

मग 5 व्होल्टच का ठेवू नये? कारण दाब दुप्पट केला की करंटही दुप्पट होतो, आणि प्रत्येक टिचकीची ऊर्जा चौपट! मिनिटाला 60 ठोके धरले तर दिवसाचे 86,400. ही बॅटरी आपल्या फोनसारखी चार्जरला लावता येत नाही. संपत आली की पुन्हा छोटं ऑपरेशन.

गंमत पुढे आहे. लीड नवी असताना तिच्या टोकाशी सूज येते, म्हणून ठोका उमटायला जास्त व्होल्टेज लागतं. डॉक्टर सुरुवातीला ते मुद्दाम वाढवून ठेवतात. काही आठवड्यांनी सूज उतरते. मग तपासणीत किमान किती लागतं ते बघून, साधारण त्याच्या दुपटीवर आणतात. काही नवी यंत्रं हे स्वतःच करतात, सगळी नाही.

आणि नेमकं तेव्हाच आजोबा म्हणतात, “आता बरं वाटतंय रे, कशाला जायचं?”

जायचं, आजोबा! तिथे रेझिस्टन्सही मोजतात. तो एकदम वाढला तर तार तुटली असेल, म्हणजे नळ चोंदल्यासारखं. एकदम घसरला तर तारेचं आवरण फाटलं असेल, म्हणजे नळ गळतोय. हे बरेचदा आधी मशीनला कळतं, माणसाला नंतर.

शेवटचं, आपल्या फोनबद्दल. तो पेसमेकरपासून किमान 15 सेंटीमीटर लांब ठेवायचा. शर्टाच्या वरच्या खिशात तर नकोच. जोरदार चुंबक जवळ आलं की बहुतेक पेसमेकर ऐकणं थांबवून ठरलेल्या गतीने टिचक्या मारत बसतात.

तर आज घरी विचारा, “आजोबा, पुढची तपासणी कधी आहे?” तारीख त्यांच्या नाही, तुमच्या फोनमध्ये टाका. आणि त्या दिवशी गाडी तुम्हीच काढा. भेटू पुढच्या भागात!