होमिओडोमेन: साठ अमिनो आम्लांची वाटचाल

फळमाशीच्या डोक्यावर शृंगिकेच्या जागी पाय उगवतो, तो अँटेनापीडिया या जनुकातील उत्परिवर्तनामुळे. एका अवयवाच्या जागी दुसरा अवयव येण्याला विल्यम बेटसन यांनी १८९४ मध्ये होमिओसिस असे नाव दिले. एडवर्ड लुईस यांनी अनेक दशके फळमाशीतील अशा जनुकांचा पाठपुरावा केला. मात्र ती जनुके नेमके काय करतात, याचा रेणवीय धागा १९८४ च्या सुमारास हाती आला. बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि स्वतंत्रपणे इंडियाना विद्यापीठात या जनुकांमध्ये १८० बेस-जोड्यांचा जवळजवळ सारखा तुकडा आढळला. त्यातून घडणारा साठ अमिनो आम्लांचा प्रथिनखंड म्हणजे होमिओडोमेन. पुढे बेडूक, उंदीर आणि माणूस यांच्यातही तोच निघाला. माशी आणि माणूस यांच्या वाटा फुटून ५० कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत, हे लक्षात घेता त्या काळच्या जीवशास्त्रज्ञांना बसलेला धक्का समजण्यासारखा आहे.

या खंडाची घडण साधी आहे. तीन सर्पिले, आणि त्यांतले तिसरे डीएनएच्या मोठ्या खाचेत बसते. त्यावरील ५१ व्या स्थानी बहुतेक सर्वत्र अ‍ॅस्परॅजिन असते. ते डीएनएमधील अ‍ॅडेनीनला धरते. ते बदलले की पकड सुटते, म्हणून नैसर्गिक निवडीने ते बदलू दिलेले नाही.

यीस्टमध्ये हाच खंड पेशीचा लैंगिक प्रकार ठरवतो, मक्याच्या नॉटेड-१ या जनुकात तो वाढत्या टोकाशी निगडित आहे. म्हणजे त्याचा उगम प्राण्यांच्याही आधीचा. प्राण्यांत मात्र त्याची भरभराट झाली. अँटेनापीडियासारख्या, शरीराच्या कोणत्या भागात काय घडावे हे ठरवणाऱ्या जनुकांना हॉक्स जनुके म्हणतात; फळमाशीत ती आठ. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोम दोनदा दुप्पट झाला, काही प्रती गळाल्या, आणि माणसात चार समूहांत ३९ उरली.

सभागृहातील तरुण संशोधकांनी लक्ष द्यावे असा भाग यानंतरचा. खंड इतका स्थिर असेल, तर शरीरे इतकी वेगळी कशी? बरेचसे बदल खंडाबाहेर झाले: जनुक कधी व कुठे चालू होते यात, आणि प्रथिनाच्या उरलेल्या भागात. कीटकांच्या अल्ट्राबायथोरॅक्स या हॉक्स जनुकाच्या प्रथिनाची शेपटी पोटावर पाय उगवू देत नाही. आर्टेमिया या कवचधारीचे तेच प्रथिन माशीत घातले तर पायांची वाढ त्या ताकदीने थांबत नाही. २००२ मधील दोन शोधनिबंधांनी हे दाखवले. पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटाने याच जनुकामुळे माशीच्या मागच्या पंखाचे तोल सांभाळणारे हॉल्टिअर कसे होते, याचा अभ्यास केला आहे.

खंडाच्या आतही अपवाद आहे, आणि तो सर्वांत बोलका. माश्यांच्या एका प्रगत शाखेत हॉक्स-३ ची प्रत वेगळी होऊन बायकॉइड बनले. त्याच्याविना भ्रूणाला डोकेच येत नाही. या प्रतीत ५० व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी लायसीन आले, आणि प्रथिन डीएनएवरचे वेगळेच अनुक्रम ओळखू लागले. ज्या कीटकांत बायकॉइड नाही, त्यांपैकी नॅसोनिया या परजीवी गांधीलमाशीत डोके घडवण्यात ऑर्थोडेंटिकल हे जनुक पुढाकार घेते. त्याच्या होमिओडोमेनमध्येही ५० व्या स्थानी लायसीनच असते.