एकटं कधी सोडायचं?

एसटी स्टँडवर सात-आठ वर्षांच्या मुलाला लघवीला लागली, सोबत आई एकटीच. त्याला पुरुषांच्या बाजूला एकटं पाठवावं का? वयापेक्षा तयारी पाहा. पँटची चेन त्याला लावता येते का? आईचा मोबाइल नंबर पाठ आहे का? कुणी अंगाला हात लावला तर ओरडून बाहेर पळेल का? स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी बहुधा गंजलेली असते. लागते, पण चिमुकल्या बोटांनी उघडत नाही. म्हणून दार नुसतं लोटायला सांगा आणि दाराबाहेरून त्याच्याशी बोलत राहा. शंका वाटली, तर खुशाल बायकांच्या बाजूला न्या. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. आणि मुलांसाठीची १०९८ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, तोही नंबर पाठ करून घ्या.